2 किलोमीटर पोहता येतं, मग नर्मदेत एकट्याने उतरावं का?

नमस्कार. तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: वय 43, इंदूरला नोकरी. तीन वर्षं रोज सकाळी 25 मीटरच्या टँकमध्ये पोहता आणि 2 किलोमीटर न थांबता साधारण 50 मिनिटांत होतात. आता डिसेंबरात एका रविवारी पहाटे निघून महेश्वरला नर्मदेत पोहायचं मनात आहे. मित्र इतक्या लवकर उठत नाहीत, पत्नीला पोहता येत नाही, म्हणून एकटेच जाणार. घरचे नको म्हणतात. आणि तुमचा प्रश्न असा की एकट्याने पोहणं खरंच इतकं धोक्याचं आहे, की ज्यांना पोहता येत नाही तेच उगाच भीती घालतात? शेवटी एका ओळीत हेही आहे की बीपीची एक गोळी रोज चालू आहे.

मी इंदूरमध्ये 26 वर्षं पोहायला शिकवते. माझं आजोळ महेश्वरजवळच्या मंडलेश्वरचं, नर्मदेच्या काठचं, त्यामुळे टँक बघायच्या आधी मी नदी पाहिली. मामाने पाठीला सुका भोपळा बांधून घाटावरून पाण्यात सोडलं होतं, तेव्हा मी सहा वर्षांची होते. नदीत पोहण्याची ओढ मला चांगली कळते. त्यामुळे "जाऊ नका" असं सांगून मी तुम्हाला वाटेला लावणार नाही.

पण प्रश्न थोडा फिरवून बघू या. तुम्ही विचारताय की माझं पोहणं नदीला पुरेसं आहे का. मला वाटतं, खरा प्रश्न वेगळा आहे: पाण्यात एखादी छोटीशी गोष्ट बिघडली, तर पुढच्या एका मिनिटात तिथे कोण असेल? पायात गोळा येणं, नाकातोंडात पाणी जाणं, गॉगल निसटणं, क्षणभर चक्कर येणं या सगळ्या छोट्याच गोष्टी आहेत. टँकमध्ये हे सगळं आठवड्यातून एकदा कुणाला ना कुणाला होतं. तो कडेला धरून उभा राहतो, खोकतो आणि पुन्हा पोहायला लागतो. नदीच्या मध्यावर कडा नसते. तिथे कडेचं काम सोबतचा माणूस करतो.

आधी तुमच्या 2 किलोमीटरचा हिशेब करू. 25 मीटरच्या टँकमध्ये 2 किलोमीटर म्हणजे 80 फेऱ्या आणि 79 वेळा भिंत. प्रत्येक वेळी भिंतीला पाय मारून तुम्ही सहज 4 मीटर पुढे सरकता. 79 गुणिले 4, म्हणजे 300 मीटरच्या वर अंतर तुम्ही हात न मारता कापता आणि प्रत्येक वळणावर खांद्यांना क्षणभर विसावा मिळतो. नदीत हा विसावा नाही. माझ्याकडचे चांगले पोहणारे पहिल्यांदा नदीत उतरले की 600–700 मीटरला म्हणतात, "मॅडम, आज काहीतरी जड वाटतंय." जड काही नसतं, फक्त भिंत नसते. शिवाय तळाची काळी रेघ दिसत नाही. गढूळ पाण्यात डोकं घातलं की समोर नुसता हिरवट अंधार. रेघेच्या आधाराने सरळ पोहायची सवय असलेला माणूस इथे नकळत तिरका जातो, आणि बहुतेक वेळा धारेच्या दिशेने.

धारेचं गणित तर प्रत्येकाने घाटावर उभं राहून करून बघावं. 2000 मीटर 50 मिनिटांत म्हणजे 3000 सेकंदांत, म्हणजे तुमचा वेग सेकंदाला साधारण 0.67 मीटर. आता घाटावर 10 मीटर मोजा. महेश्वरच्या पायऱ्यांवर हे सोपं आहे, माझी 14 पावलं होतात. वरच्या टोकाला एक झेंडूचं फूल पाण्यात टाका आणि खालच्या टोकाला पोचायला किती सेकंद लागतात ते घड्याळात बघा. 20 सेकंद लागले तर पाणी सेकंदाला अर्धा मीटर जातंय. तेवढ्या धारेविरुद्ध तुम्ही सेकंदाला जेमतेम 17 सेंटीमीटर पुढे सरकाल. 100 मीटर परत यायला 10 मिनिटं लागतील, तीही पूर्ण ताकदीने. फूल 15 सेकंदांत पोचलं, तर तुम्ही हात मारत राहाल आणि काठावरची दगडी छत्री जागची हलणार नाही. आणि हा वेग काठाजवळचा. काठाशी पाणी अडखळत जातं, मध्यावर धार याहून जोराची असते. म्हणून माझा नियम असा की फुलाला 30 सेकंदांपेक्षा कमी लागले तर त्या दिवशी वरच्या अंगाला काठाकाठाने थोडं पोहायचं आणि बाहेर यायचं. पहिला अर्धा भाग नेहमी धारेविरुद्ध. दम संपत आला की धारच तुम्हाला कपड्यांपर्यंत आणून सोडते. उलटं केलं तर थकल्यावर लढाई सुरू होते. महेश्वरच्या खालच्या अंगाला सहस्रधारा आहे, जिथे खडकांतून नदीच्या असंख्य धारा फुटतात. 2023 मध्ये खेलो इंडियाच्या कनू स्लॅलम, म्हणजे खळाळत्या पाण्यातून छोटी होडी हाकण्याच्या स्पर्धा तिथे झाल्या, यावरून पाण्याचा जोर समजा. वाहत खाली जायचं ठरवून उतरणाऱ्याने हे डोक्यात ठेवायला हवं.

दुसरी गोष्ट इंदूरहून जाणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही. ही नर्मदा आता मोकळी नदी नाही. वर इंदिरा सागर धरण आहे, ओंकारेश्वरचं धरण आहे. दोन्हीकडे वीज तयार होते आणि विजेच्या गरजेप्रमाणे पाणी सोडलं किंवा थांबवलं जातं. आकाश निरभ्र, काठावर ऊन, आणि पाणी मात्र दोन पायऱ्या वर आलेलं, असं मी कितीदा पाहिलंय. एप्रिल 2005 मध्ये देवास जिल्ह्यातल्या धाराजीला अमावस्येच्या स्नानासाठी लोक जमले होते. वरून अचानक पाणी आलं आणि 60 हून जास्त माणसं गेली.  म्हणून पाण्यात उतरण्याआधी तीन गोष्टी करा. घाटावरच्या केवटाला, म्हणजे नाववाल्याला विचारा, आज वरून पाणी येणार आहे का. पाण्याच्या रेषेवरच्या पायरीवर खडूने खूण करा आणि 10 मिनिटं थांबून पुन्हा बघा. आणि धरणाचा भोंगा ऐकू आला तर "एवढा हात मारून येतो" म्हणायचं नाही, लगेच बाहेर. पावसाळ्यात, म्हणजे जून ते ऑक्टोबर, मी स्वतः नर्मदेत उतरत नाही आणि माझ्या मुलांनाही उतरू देत नाही. इंदूरजवळच्या चोरल आणि पातालपाणीच्या ओढ्यांचं तर त्याहून वाईट आहे. पाऊस वरच्या डोंगरात पडतो, तुमच्या डोक्यावर थेंबही नसतो आणि पाण्याची भिंत येते. 2011 च्या जुलैत पातालपाणीला खडकावर अडकलेलं कुटुंब वाहून गेलं, ते इंदूरमधलं कुणीच विसरलेलं नाही.

आता माझ्यावर गुदरलेला प्रसंग सांगते, कारण एकटं असणं म्हणजे काय हे मला त्या दिवशी समजलं. फेब्रुवारी होता, मंडलेश्वरच्या वरच्या अंगाला मी एकटीच पोहत होते. पाणी संथ, धार नावालाच. काठापासून 40–50 मीटरवर उजव्या पायाच्या अंगठ्याला काहीतरी लागलं. शेवाळ असेल म्हणून मी पाय झटकला. पुढच्या झटक्याला ते घोट्याला आलं. मासेमारीचं नायलॉनचं जाळं होतं, बारीक, पाण्यात अजिबात न दिसणारं. पाय जितका मारावा तितका फास आवळत होता, आणि डावा पाय सोडवायला गेला तर तोही गुंतला. तेव्हा माझा शिकवण्याचा अनुभव 12 वर्षांचा होता. जाळ्यात अडकल्यावर पाय मारायचे नाहीत हे मी दुसऱ्यांना शिकवत होते. तरी पहिली 15–20 सेकंदं मी पाय मारतच होते. मग कसंबसं उताणं झाले, दोन्ही हात पाण्यावर पसरले आणि फक्त श्वास घेत राहिले. तरंगता येत होतं, पण गुडघ्यापासून खाली दोन्ही पाय बांधलेले. ओरडले, पण काठावर कुणी नव्हतं. पैलतीरावरून गवताचे भारे घेऊन येणाऱ्या एका केवटाने पाहिलं म्हणून मी आज हे लिहितेय. त्याने विळ्याने जाळं कापलं. नाव आली नसती तर मी किती वेळ तरंगले असते, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. त्या सकाळी माझं पोहणं कमी पडलं नव्हतं, माझ्याजवळ माणूस नव्हता.

तुम्हाला वाटेल, संकट आलं तर ओरडेन. बुडणारा माणूस ओरडत नाही, हे कृपा करून घरच्यांनाही सांगा. ओरडायला आधी श्वास लागतो, आणि त्याचं तोंड पाण्याच्या वर-खाली होत असतं. हात वर करून तो कुणाला बोलावत नाही. दोन्ही बाजूंना पाणी खाली दाबत राहतो आणि शरीर उभं असतं, शिडी चढल्यासारखं. ही धडपड 20 ते 60 सेकंद चालते, मग तो खाली जातो. काठावरून बघणाऱ्याला वाटतं, उभा राहून मजा करतोय.

आणि हे फक्त नवख्यांना होत नाही. फ्रॅन क्रिपेन हा अमेरिकेचा लांब पल्ल्याचा जलतरणपटू. 2010 च्या ऑक्टोबरमध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैराला 10 किलोमीटरच्या आंतरराष्ट्रीय शर्यतीत तो पाण्यात दगावला, वय 26. समुद्राचं पाणी फार गरम होतं. आजूबाजूला जगातले उत्तम पोहणारे होते, आणि तरी तो दिसत नाही हे बाकीचे शेवटच्या रेषेवर पोचल्यावर लक्षात आलं. गर्दी होती, पण त्याच्यावर नजर ठेवणारं कुणी नव्हतं. उलट आपल्या मध्य प्रदेशातले सतेंद्रसिंह लोहिया यांनी 2018 मध्ये साथीदारांबरोबर रिले करून इंग्लिश खाडी पार केली. तिथे प्रत्येक पोहणाऱ्याबरोबर नाव आणि निरीक्षक असतातच, त्याशिवाय ते पोहणं मान्यच होत नाही. जगातल्या सगळ्यात कणखर लोकांसाठी नाव सक्तीची आहे. आपल्या रविवारच्या 2 किलोमीटरला ती जास्तीची कशी म्हणायची?

थंडीबद्दलही सांगते, कारण तुम्ही डिसेंबरात जाणार आहात. पाणी 25 अंशांच्या खाली गेलं की एकदम उडी घेतल्यावर छातीत हिसका बसून खोल श्वास घेतला जातो. तो आपल्या हातात नसतो. 15 अंशांच्या खाली तो फार जोराचा असतो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी थेट आत. एक-दोन मिनिटं श्वास धापा टाकल्यासारखा चालतो, मग शांत होतो. म्हणून सूर मारून उतरू नका. घाटाच्या पायऱ्यांवर बसून आधी तोंड, मान, छाती भिजवा, मग कमरेपर्यंत जा, श्वास जागेवर आला की पोहायला लागा. सूर न मारण्याचं दुसरं कारण म्हणजे शेवटच्या पायरीखाली खडक आहे की डोह, ते वरून दिसत नाही.

बीपीच्या गोळीवरून माझं उत्तर बदलू शकतं. थंड पाण्यात उतरल्यावर रक्तवाहिन्या आखडतात, बीपी वर जातं, हृदयावर ताण येतो. गोळीच्या प्रकारावरही बरंच अवलंबून आहे. काही गोळ्या ठोक्यांची गती वाढू देत नाहीत, मग नेहमीपेक्षा लवकर दम लागतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी अंगातलं पाणी आणि क्षार कमी होतात, पायात गोळे यायला ते निमित्त पुरतं. "पोहू का?" असं डॉक्टरांना विचारलं तर ते हो म्हणतील, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर टँक असेल. "थंड पाण्यात, नदीत, तासभर" असं विचारा. छातीत दुखलं असेल, कधी शुद्ध हरपली असेल किंवा फिट आली असेल, तर एकट्याने हा विषयच संपतो, आणि तिथे मी वाद घालणार नाही.

एक गोष्ट झटपट सांगून पुढे जाते. खूप जोरजोरात श्वास घेऊन मग पाण्याखाली लांब जाण्याचा खेळ एकट्याने कधीच करू नका, टँकमध्येही नाही. जोरजोरात श्वास घेतल्याने अंगातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. श्वास घ्यावासा वाटणं हे त्याच्याच वाढण्यावर अवलंबून असतं. तो इशारा मिळण्याआधीच प्राणवायू संपतो आणि माणूस पाण्याखाली गपकन बेशुद्ध पडतो.

मग करायचं काय? तुमची अडचण सोबत नसण्याची आहे, आणि महेश्वरच्या घाटावर सोबत भाड्याने मिळते. केवट पहाटेपासून तिथेच असतात. तासाभरासाठी नाव ठरवा. वल्ह्याची नाव घ्या, इंजिनाची नको. पंख्याजवळ पोहणाऱ्याचे पाय हा वेगळाच धोका आहे. इंजिनाचीच मिळाली तर तुम्ही जवळ येण्याआधी इंजिन पूर्ण बंद, हे आधी कबूल करून घ्या. नाव तुमच्या श्वास घेण्याच्या बाजूला 10–12 मीटरवर चालू द्या, म्हणजे प्रत्येक श्वासाला ती तुम्हाला दिसेल. नावेच्या मागे एक दोरी सोडायला सांगा. थकलात तर ती धरून लोंबकळा, बाजूने वर चढायला जाऊ नका, नाव कलंडते. आणि केवटाला एक खूण शिकवा: एक हात सरळ वर म्हणजे "लगेच ये". नर्मदेवर वाढलेली ही माणसं पाणी आपल्यापेक्षा फार चांगलं ओळखतात. त्यांनी "आज नको" म्हटलं तर पोहे खाऊन, किल्ला बघून परत या. 90 किलोमीटर गाडी चालवून आलोय म्हणून उतरायचंच, या हट्टापायी लोक बुडालेले आहेत.

पत्नीला पोहता येत नाही, तरी काठावरचा माणूस म्हणून त्या उत्तम आहेत. कारण त्या पाण्यात उडी मारणार नाहीत. वाचवायला गेलेला दुसरा बुडतो, ही बातमी आपण दर उन्हाळ्यात वाचतो. त्यांच्या हातात 20 मीटर दोरी बांधलेला 5 लिटरचा तेलाचा रिकामा कॅन द्या, झाकण घट्ट. आत चार बोटं पाणी ठेवा, नाहीतर तो फेकल्यावर वाऱ्याने परत येतो. टँकच्या कडेला दोघांनी पाच-सहा वेळा फेकून बघा. किती वाजता परत यायचं ते ठरवा, आणि 10 मिनिटं उशीर झाला तर 112 फिरवायचा, वाट बघायची नाही. कुणाला बाहेर काढलंच, तर पोट दाबणं, खांद्यावर उलटं टाकून फिरवणं हे आपल्या घाटांवर अजून चालतं, त्यात वेळ जातो आणि पोटातलं पाणी घशात येतं. तो श्वास घेत नसेल तर उताणं झोपवून आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीवर 30 दाब आणि 2 श्वास, दाबांचा वेग मिनिटाला 100 ते 120. हे दोघांनी एकदा हाताखालून घालून शिकून घ्या. वाचून येत नाही.

तुमच्या अंगावर भडक केशरी टोपी आणि कमरेला बांधायचा फुगवलेला फ्लोट हवा. फ्लोट मागून तरंगत येतो, पोहण्यात अडथळा होत नाही. त्याने नाववाल्याला तुम्ही दिसता आणि गोळा आला तर धरायला काहीतरी असतं. पण तो लाइफ जॅकेट नाही, बेशुद्ध माणसाचं तोंड तो पाण्याबाहेर ठेवत नाही. पोटरीत गोळा आला तर उताणं व्हा, फ्लोट छातीशी घ्या, पायाचा अंगठा धरून स्वतःकडे ओढा, मिनिटभरात सुटतो. हे टँकमध्ये खोल बाजूला करून बघा. त्याच बाजूला, कुठेही न टेकता, 10 मिनिटं उताणं तरंगूनही बघा. ते जमत नसेल तर नदी अजून महिनाभर थांबेल.

नाव नाही, काठावर कुणी नाही, तरी एखाद्या दिवशी उतरायचंच ठरलं, तर मी सांगेन की छातीएवढ्या पाण्यातच, काठाला समांतर, पाय टेकतील अशा जागी, फ्लोट बांधून, अर्ध्या तासाच्या आत. त्याला पोहणं म्हणायला तुमचं मन घेणार नाही, मला कल्पना आहे. त्याच्या पुढे एकट्याने मी स्वतः जात नाही. त्या फेब्रुवारीनंतर एकदाही गेलेले नाही.

पहिल्या रविवारी 2 किलोमीटरचा विचारही करू नका. नाव सोबत घेऊन 400 मीटर, काठापासून 15 मीटरच्या आत, तेवढं पुरे. दर सहा-आठ हातांनी डोळे पाण्याबाहेर काढून समोरच्या देवळाचं शिखर शोधायची सवय लावा. बाहेर आल्यावर ओलं अंग लगेच पुसून, आधी वरचे कपडे घाला, टोपी घाला, गोड चहा घ्या. पाण्याबाहेर आल्यावरही 20–30 मिनिटं अंग आतून गार होत राहतं, हात थरथरतात, आणि ते पाण्यात असताना जाणवलेलं नसतं. गाडीची किल्ली तोवर पत्नीकडेच राहू द्या.